सहीवरचं पीठ

मु. सोनटाकळी, जि. परभणी
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय गोपीचंद यास,
व्यंकटचा सप्रेम जय भीम.

तू खुशाल असशील. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

फोनवर तुला माझा आवाज ऐकायचा नाही हे मला कळतं. या आठवड्यात तीनदा लावला. तिसऱ्या वेळी दोनदा वाजून बंद झाला, म्हणजे नाव बघून तूच कापलास. हरकत नाही. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच, आणि तू तर नक्कीच. पोखर्णीच्या शाळेत मी वर्गात फिरवलेल्या चिठ्ठ्यासुद्धा तू आधी पूर्ण वाचायचास आणि मग गुरुजींच्या हातात द्यायचास.

इकडचं ठीक. माझे गुडघे कुरकुर करतात, गीताबाईची साखर वर-खाली होते. तूर फुलावर आहे. दिवाळी झाली आणि टोळ्या उसाला गेल्या, त्यामुळे निम्म्या गावाला कुलपं आहेत. गिरणी सकाळी एक तास आणि दुपारी एक तास चालवतो, बाकी वेळ पट्ट्याकडे बघत बसतो. तुझा भाऊ बालाजीही टोळीबरोबर सांगलीकडे गेलाय. घरी कोकिळा आणि तिचा धम्मानंद दोघंच होते.

धम्मानंदला पोलिसांनी नेलं हे तुला कोकिळाने कळवलं असेल. पण तिने स्वतः काय केलं ते ती सांगणार नाही. तुझ्या भावजयीला स्वतःचं काही सांगायची सवयच नाही. म्हणून मी सांगतो. मी तिथे होतो.

आपल्या भागात महिन्याभरात सहा-सात विहिरींवरच्या मोटारी चोरीला गेल्या. चोर मोटार फोडतात, आतली तांब्याची तार काढून विकतात. धम्मानंद गंगाखेड रोडवर मोटारींचं वायंडिंग करतो, जळालेली तार काढून नवी भरतो. माझ्या घरात पीठ सापडावं तशी त्याच्या घरात तार सापडणारच. गुरुवारी दुपारी त्याला दुकानातून उचललं. येलदरीच्या वीजकेंद्रावर शिकाऊ म्हणून त्याची निवड झालीय, एक डिसेंबरला हजर व्हायचं आहे, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. नेमकं याच वेळी हे झालं.

चारच्या सुमारास जीप गावात आली. जमादार, दोन शिपाई. पंच म्हणून मी आणि चहाचा हॉटेलवाला दत्तराव. कोकिळा नुकतीच अंगणवाडी बंद करून आली होती, हातात रजिस्टर होतं. जीप बघून तिने कुलूप उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहिली. रडणं नाही, ओरडणं नाही. पदर खोचला तेवढाच.

"घराची झडती घ्यायचीय," जमादार म्हणाले.

"घ्या की. माझी ना न्हाई. पण आधी सांगा, माझं लेकरू कुठं हाय? अटक केलंय का निसतं बसवून ठिवलंय?"

"चौकशी चालू हाय."

"चौकशीला बोलवायचं तर नोटीस देतेत. अटक केली असंल तर कारण सांगावं लागतंय, घरच्याला कळवावं लागतंय. मला तर कुणी कळवलं न्हाई. म्हंजी अटक न्हाई. मंग रातच्याला जेवायला घरी येतंय न्हवं?"

जमादारांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. मग म्हणाले, "अटकच हाय. मोटार चोरीचा गुन्हा हाय."

"किती वाजता केली?"

"एक वाजता."

तिने रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. एक वाजता. आणि मोठ्याने म्हणाली, "म्हंजी उद्या एकच्या आत कोर्टापुढं."

तुला वाटेल हे सगळं ती कुठे शिकली. विहारात, दुसरं कुठे! या वर्षी वर्षावासात रोजचं ग्रंथवाचन झालं की शेवटी पाच मिनिटं ती कायद्याचं एक पान वाचायची. परभणीहून विधी सेवावाल्या वकीलबाई आल्या होत्या, नीलमताई म्हणून, त्यांनी दिलेली पुस्तिका. पोलिसांनी अडवलं तर काय विचारायचं, झडती घेताना काय बघायचं, अटकेत काय मागायचं. आमच्याकडच्या दोन-चार बायाही मागे येऊन बसायच्या, त्यात आमची गीताबाईपण. घरी येऊन मला सांगायची, आज बायांना अंधार पडल्यावर अटक करता येत न्हाई हे झालं. मी म्हणायचो, तुला कोण अटक करतंय! हसायचो. आता हसू येत नाही.

तर जमादार आत शिरायला निघाले. कोकिळा बाजूला झाली नाही.

"आधी तुमची अंगझडती द्या. पंचांची बी. मंग आत जा."

"आमची?" जमादार हसले. "आमी काय चोर हाव?"

"मी बी न्हाई. म्हणूनच म्हणायले. आत जाताना तुमच्या खिशात काय हाय ते सगळ्यांनी बघावं, बाहेर येताना काय हाय ते बी."

समोरच्या ओट्यावर धुरपताबाई बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वय, कानाला कमी, पण त्या दिवशी सगळं ऐकू येत होतं. "दिऊ द्या की झडती," त्या म्हणाल्या, "पोराच्या खिशात काय वाघ हाय का?" बाया हसल्या. शिपायाच्या खिशातून तंबाखूची पुडी निघाली, कंगवा निघाला, लॉटरीचं तिकीट निघालं. दत्तरावकडे चहाचे टोकन. माझ्याकडे गिरणीची किल्ली आणि रुमाल. रुमाल झटकला तर पीठ उडालं. बाया पुन्हा हसल्या. मीही हसलो.

मग ती म्हणाली, झडतीचं मोबाईलवर चित्रण लागतं, नव्या कायद्यात आहे. जमादार म्हणाले, बॅटरी उतरलीय. ती आत न जाता तिथूनच म्हणाली, "शिवकन्या, अंगणवाडीचा मोबाईल आण गं. सरकारी हाय. सरकारचंच काम हाय. रोज लेकरांचे फोटू घालते, आज तुमचा घालते." शिवकन्या तिची मदतनीस. तिने दोन्ही हातांनी मोबाईल धरला आणि शेवटपर्यंत हलवला नाही.

जमादारांनी एक कागद काढला, तो थोडा आधीच लिहिलेला होता. कोकिळाने तो हातात घेतला, खालपर्यंत बघितला आणि परत दिला. "हा न्हाई. रेघ मारा ह्याच्यावर. नवा घ्या, हितं बसून लिवा." त्यांनी रेघ मारली. त्यांना दुसरं काही करताच येईना, मोबाईल चालू होता.

आत खाटेखाली पोत्यात तार होती. जळकी, काळी, गुंडाळलेली. शिपाई म्हणाला, "दहा-अकरा किलो आसंल."

"आसंल कामून? मोजू की." ती अंगणवाडीतून लेकरांचं वजन करायचा काटा घेऊन आली, आढ्याला अडकवला, खालच्या झोळीत पोतं ठेवलं. गोपीचंद, तो काटा आणि त्यात ते पोतं बघून मला हसावं की रडावं कळेना. दोन किलो तीनशे ग्रॅम. तिने शिवकन्येला जवळ बोलावलं, काट्याचा आकडा दाखवला, आणि सवयीने म्हणाली, "वजन कमी हाय." धुरपताबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

ओट्यावर बसून पंचनामा लिहिला गेला. तिने तो मोठ्याने वाचायला लावला. आम्ही दोघांनी सह्या केल्या. सह्यांच्या वर चार ओळी रिकाम्या राहिल्या होत्या, त्यावर तिने तिरपी रेघ मारून घेतली. अंगणवाडीत पोषण आहाराच्या नोंदी करताना ती तसंच करते, उरलेली ओळ बंद केल्याशिवाय पान उलटत नाही. कागदाचा मोबाईलवर फोटो घेतला. जाताना जमादार म्हणाले, "तू बी चल ठाण्यात, जबाब घ्यायचाय."

दिवस मावळतीला आला होता. ती म्हणाली, "बाईचा जबाब बाईच्या घरी घेतेत. उद्या या, बाई पोलीस घिऊन या, चहा ठिवते."

गोपीचंद, मी साठ वर्षं या गावात काढली. पाटलांसमोर, तहसीलदारांसमोर, आमदारांसमोर माणसं उभी राहिलेली बघितली. असं उभं राहिलेलं माणूस मी बघितलं नव्हतं. आवाज चढला नाही, एक शब्द वावगा नाही. तुझ्या घरात ही बाई सून म्हणून आली हे तुझं भाग्य.

शुक्रवारी बारा वाजता धम्मानंद कोर्टापुढे. नीलमताई वकील म्हणून उभ्या राहिल्या, फुकट. मंगळवारपर्यंत कोठडी मिळाली. कोर्टात कागदाचा काहीतरी घोळ झाला आहे म्हणतात, मला नीटसं माहीत नाही. मंगळवारी पुन्हा उभं करणार आहेत.

बाकी काही विशेष नाही. काल कोकिळा गिरणीवर आली होती. दळण नव्हतं आणलं. एक गोष्ट विचारून गेली. ते असो.

थंडी पडायला लागली आहे, छातीला जप.

तुझा
व्यंकट

*

सोनटाकळी
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

गोप्या,

जय भीम.

रविवारचं पत्र तुला आज-उद्या मिळेल. त्यात एकही गोष्ट खोटी नाही. पण पत्र पेटीत टाकायच्या आधी मी ते गीताबाईला वाचून दाखवलं होतं. तुला माहीत आहे, मला स्वतःचं लिहिलेलं वाचून दाखवायला आवडतं. तिने सगळं ऐकलं, भाकरी थापताथापता, आणि म्हणाली, "सगळं कोकिळाचंच लिवलंय. ह्यात तुमी कुठं हाव?" मी म्हणालो, मी पंच होतो, लिहिलंय की. ती म्हणाली, "ते लिवलंय. तुमी काय केलं ते न्हाई लिवलं." मी पत्र टाकलं आणि आलो. पण भाकरी काही गेली नाही.

आता लिहितो.

गुरुवारी जीप कोकिळाकडे गेली त्याच्या तासभर आधी गिरणीवर आली होती. मी धुरपताबाईंची ज्वारी दळत होतो. जमादारांना खुर्ची दिली, चहा मागवला. शिपायाने डब्याच्या झाकणावर दोन कागद ठेवले. एकावर वरती पाच-सहा ओळी लिहिलेल्या होत्या. दुसरा अख्खा कोरा. "हितं आणि हितं, व्यंकटराव." मी दोन्हीवर सह्या केल्या. पिठाच्या हाताने. दत्तरावने हॉटेलात केल्या. घाईत पंच पुन्हा सापडत नाहीत म्हणून एक जास्तीची घेऊन ठेवायची त्यांची रीत आहे. मला ती ठाऊक आहे. मी कधीच विचारत नाही कशाला.

का विचारत नाही ते सांगतो, हसू नकोस. पहिल्यांदा गिरणीवर फौजदार आले तेव्हा म्हणाले होते, कायद्याला गावातली दोन प्रतिष्ठित माणसं लागतात, तुमच्याशिवाय कोण आहे इथे? बस. त्या एका शब्दावर मी सत्तावीस वर्षं सह्या केल्या. नावापुढे 'राव' लावायचे, खांद्यावर हात ठेवायचे, परभणीत दिसले तर जीप थांबवायचे. गावात माझी कॉलर ताठ. मला वाटायचं, सही मागतात म्हणजे मान देतात.

कोकिळाच्या उंबऱ्यावर जमादारांनी काढला तो कागद म्हणजे पाच ओळींचा. खाली आम्हा दोघांच्या सह्या, आणि माझ्या सहीवर पांढरा अंगठा. तिने कागद बघितला, मग माझे हात बघितले. एवढ्या बाया जमल्या होत्या, मोबाईल चालू होता. एक शब्द बोलली असती तर माझी अब्रू तिथेच गेली असती. "हा न्हाई, नवा घ्या," एवढंच म्हणाली. तिचं लेकरू कोठडीत होतं आणि ती माझी इज्जत झाकत होती. रविवारच्या पत्रात मी हेच गाळलं.

दुसरा कागद फाईलमध्येच राहिला. शुक्रवारी कोर्टात जो पंचनामा गेला तो ओट्यावर लिहिलेला नव्हता. तो माझ्या सहीचा कोरा कागद होता. त्यावर अकरा किलो तार लिहिली होती. तार नवी, चोरीच्या मोटारीची. खाली माझी सही.

शनिवारी कोकिळा गिरणीवर आली ती हे विचारायला. "दादा, गुरवारी आमच्या घरी येयाच्या आधी तुमी किती कागदांवर सही केलती?"

मी म्हणालो, "एकाच."

"बरं," म्हणाली आणि गेली.

गोप्या, तिला उत्तर माहीत होतं. नीलमताईंनी कोर्टात मूळ कागद बघितला होता, सहीजवळ पिठाचा डाग होता, त्यांनी तिला सांगितलं होतं. तरी ती विचारायला आली. मी आपण होऊन सांगावं म्हणून आली. आणि मी साठी उलटलेला माणूस, गिरणीच्या दारात उभा राहून तिच्याशी खोटं बोललो. का, तर जमादारांचा त्या सकाळी फोन आला होता. "व्यंकटराव, तुमी आपले माणूस." एवढंच म्हणाले. धमकी नाही, काही नाही. मला त्या 'आपले'ची अजूनही हाव होती.

सोमवारी सकाळी अंगणवाडीत गेलो. ती लेकरांची वजनं घेत होती. त्याच काट्याला एक बारकं पोर लटकलेलं, पाय झाडत होतं. दारातूनच म्हणालो, "दोन."

"दोन काय, दादा?"

"दोन कागद."

तिने पोराला खाली उतरवलं. आधी त्याचं वजन रजिस्टरात लिहिलं. मग माझ्याकडे वळली. वाटलं आता ऐकावं लागणार, ऐकायची तयारी करूनच गेलो होतो. ती म्हणाली, "साडेदहाची गाडी हाय परभणीची. येता का?"

मी गेलो. नीलमताईंनी माझं शपथपत्र तयार केलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की यात मलाही त्रास होऊ शकतो, कोऱ्या कागदावर सही केल्याचं मी स्वतः कबूल करतोय, उद्या मला उलट विचारतील, जुनंही काढतील. मी म्हणालो, काढू द्या. पेन हातात घेतलं आणि सही करायला वाकलो. सवय!

कोकिळाने कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला.

"वाचल्याबिगर सही करू नका, दादा. माझ्या कागदावर बी न्हाई."

लक्षात घे. तो कागद तिच्या लेकराला सोडवणारा होता. मी डोळे झाकून सही केली असती तर तिचंच भलं होतं. तरी तिने मला वाचायला लावलं. मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. चूक सापडली एक. जीप गिरणीवर चारला आली असं लिहिलं होतं, ती तीनला आली. दुरुस्त करून घेतली. सत्तावीस वर्षांत पूर्ण वाचून सही केलेला माझा हा दुसरा कागद. पहिलाही तिच्याच ओट्यावरचा.

काल मंगळवारी कोर्टात उभा राहिलो. जमादार समोर बसलेले. न्यायाधीश बाई आहेत, तरुण आहेत. त्यांनी विचारलं, "ही सही तुमची?" म्हणालो, होय. "तार सापडताना तुम्ही बघितली?" म्हणालो, बघितली, दोन किलो तीनशे, ओट्यावरच्या कागदात आहे ती. ह्या कागदात आहे ती बघितली नाही, ह्या कागदावर तो कोरा असताना मी सही केली. मग चित्रण लावलं. काटा दिसला, आकडा दिसला, "वजन कमी हाय" ऐकू आलं, आणि कोर्टात कुणीतरी हसलं. पोलिसांकडून खुलासा मागवला आहे. धम्मानंदला जामीन मिळाला.

खटला संपलेला नाही. येलदरीचं अजून लटकलेलंच आहे, नीलमताई अर्ज करणार आहेत. पण पोरगा काल संध्याकाळी घरी जेवला. माझ्याशी बोलला नाही. त्याने बोलावं असं मी काही केलेलंही नाही. जमादारांची जीप आज गिरणीपुढून गेली, थांबली नाही. गीताबाईने मात्र सकाळी न मागता चहा दिला.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते.

परतीच्या बसमध्ये मी कोकिळाला म्हणालो, अजून एक आहे, जुनं आहे, तुमच्याच घरचं आहे. तिने हात वर केला. "ते मला नका सांगू. ते भावजींचं हाय. त्यांना सांगा. लिवून सांगा, अन् खाली जागा सोडू नका."

म्हणजे तिला तेही माहीत होतं. तुझ्या घरात सगळ्यांनाच माहीत असावं. मला एकट्यालाच वाटत होतं की कुणाला माहीत नाही.

१९९८, मार्गशीर्ष. आश्रुबाबांना धरलं. माजघरात कणगीमागे हातभट्टीची दोन कॅन सापडली म्हणून पंचनामा. तुझे वडील, ज्यांनी पंचशील घेतल्यापासून तंबाखूसुद्धा तोंडात टाकली नव्हती. चार दिवस आत ठेवलं. केस सहा वर्षं चालली आणि निकालाच्या आधी बाबा गेले, डोक्यावर तो ठपका घेऊन. बाबा आत होते तेव्हा तू मला पारावर सगळ्यांसमोर विचारलंस, "तू बघितलंस?" मी म्हणालो, "बघितलं म्हणूनच सही केली." त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलला नाहीस. पुढे नांदेडला बदली मागून घेतलीस आणि गावच सोडलंस.

गोप्या, मी काही बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी तुमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. तुमच्या गल्लीतसुद्धा आलो नव्हतो. फौजदार गिरणीवर आले, मला प्रतिष्ठित म्हणाले, आणि मी डब्याच्या झाकणावर सही केली. ती माझी पहिली सही. काय लिहिणार ते विचारलं नाही. कुणाच्या घराचं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. कळल्यावरही गप्प बसलो.

बाबा सुटून आले त्या आठवड्यात दळण घेऊन माझ्याच गिरणीवर आले. दुसऱ्या गिरणीवर जाता आलं असतं. डबा ठेवला, पट्टा सुरू व्हायच्या आधी म्हणाले, "व्यंकू, तू आमच्या घरी कदी आलतास रं?" ओरडले नाहीत. खरंच विचारत होते. कोकिळाने शनिवारी विचारलं ना, अगदी तस्संच. मी म्हणालो, "त्याच दिवशी, बाबा." त्यांनी मान हलवली आणि दळण होईपर्यंत बाहेर दगडावर बसले. त्यांनीही मला वाट करून दिली होती, गोप्या. मी गेलो नाही त्या वाटेने. आणि तुला सांगतो, त्यांचं पीठ मी त्या दिवशी दोनदा दळलं, इतकं बारीक केलं, की मनाला वाटावं आपण त्यांचं काहीतरी केलं.

नीलमताईंना विचारलं, मेलेल्या माणसाच्या केसमध्ये आता काही करता येतं का. त्या म्हणाल्या, बघावं लागेल, कागद शोधावे लागतील, पण पंचाने खरं लिहून दिलं तर काहीतरी हाती असेल. ते मी लिहून देणार आहे. त्या आधी तुला सांगायचं होतं. माफी मागत नाही. ती द्यायची की नाही हे माझ्या विचारण्यावर ठरत नसतं.

वरील मजकूर मी, व्यंकटराव, वय एकसष्ट, धंदा गिरणी, राहणार सोनटाकळी, हात धुऊन, स्वतःच्या हाताने लिहिला. लिहून झाल्यावर गीताबाईला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, आता बरोबर आहे. खाली उरलेल्या जागेवर तिरपी रेघ मारली आहे, म्हणजे यात नंतर कुणाला काही घालता येणार नाही, मलाही नाही. मग सही केली. सहीच्या आधी 'तुझा' लिहिलेलं नाही. तो शब्द तुझा आहे, तू वाचून ठरव.

व्यंकट